अंगणातली मिरची-कांद्याची काडी

अहो,

अबोला धरलाय तो धरा, पण हे वाचा. चढाईला आलेल्या पाहुण्यांना घेऊन मीच अंदोंग डोंगरावर चाललेय. तुमचा पाय प्लास्टरमध्ये, मग दुसरं कोण जाणार? शिखर मोकळं दिसतंय आणि वारा पूर्वेचा आहे. तुम्ही पडलात ती वाट अजून निसरडी आहे, म्हणून त्यांना पाइनच्या रानातून नेईन. ढग चढायच्या आत खाली येते. सोयाबीनचं तेंपे तळून झाकून ठेवलंय.

आणि हो, पाऊस अडवायला मिरची-कांदा टोचलेली काडी अंगणात दिसली. माझ्या या खुळाला जन्मभर हसत आलात ना? काडीभोवती चिखलात कुबड्यांचे ठसे आहेत. वाकडी रोवली होतीत. मी सरळ केलीय.

— वागियेम