एनिडच्या साखरेची बरणी

१२ जानेवारी १९४३, मंगळवार
"तू ज्या घरात रांधशील, त्या घरची माणसं बाहेर जेवतील." सासूबाई हे एकवीस साली म्हणाल्या होत्या, माझं मटण चावता चावता. त्या गेल्या, वाक्य गेलं नाही. पण आता युद्धामुळे रेशन आहे. सगळ्यांच्या हातात सारखंच सामान. कोणाला किती अक्कल आहे ते आता कळेल.

आज माझ्या, नवऱ्याच्या आणि मुलीच्या अशा तिघांच्या अंड्यांची नोंदणी रद्द करून बदल्यात कोंबड्यांचं खाद्य घेतलं. खाद्य घेतलं की दुकानातली अंडी बंद, असा नियमच आहे. बाजारातून चार कोंबड्या आणल्या. विकणारा म्हणाला, ऐन तारुण्यात आहेत.

ईस्टरच्या सोमवारी एनिडचं लग्न. हल्ली सगळे पुठ्ठ्याचा केक भाड्याने आणतात. बाहेरून तीन मजले, आत लपवलेला मूठभर खरा केक. माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात पुठ्ठा येणार नाही. शब्द दिलाय. पोरगी सप्टेंबरपासून बिनसाखरेचा चहा पिते आणि आपल्या वाट्याची साखर केकसाठी बरणीत टाकायला मला देते. बरणी माझ्या ताब्यात आहे, म्हणजे काळजी नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार
अंडी नाहीत. थंडी फार आहे.
बटाट्याच्या सालींचं सूप केलं. विल्फने विचारलं, "हिल्डा, हे आधी कोणी खाऊन बघितलंय का?" मग त्याला मीटिंग आठवली. या आठवड्यातली चौथी. नवऱ्याच्या मीटिंगा नगरपालिकेच्या खानावळीत होतात. तिथे जागा मोठी आहे.

१६ फेब्रुवारी, मंगळवार
शेजारची मिसेस ॲक्रॉइड भिंतीवरून डोकावली. "अगं हिल्डा, पाय बघ त्यांचे! या तर पेन्शनीत निघाल्यात."
मत्सर. दुसरं काय?

६ मार्च, शनिवार
टाउन हॉलमध्ये काटकसरीच्या पाककृतींची स्पर्धा. पहिलं बक्षीस डझनभर ताजी अंडी! मी गाजरांचा नकली जर्दाळू मुरब्बा करणार. साखर लागेल. बरणीतून घेते. साखर जाईल, अंडी येतील, केक होईल. एनिडला सांगितलं नाही. आनंदाचा धक्का द्यायचा आहे.

२० मार्च, शनिवार
पहिला मुरब्बा करपला. ही रोजनिशी लिहीत होते. दुसरा घातला. बरणीत उरलं होतं त्याला साखर म्हणणं कठीण, म्हणून तेही त्यातच घातलं.

२७ मार्च, शनिवार
परीक्षक बाईंनी विचारलं, कोणतं फळ? म्हटलं, ओळखा. त्यांनी बराच वेळ चघळून विचारलं, "मासा?"

बटाटे-कांद्याच्या साध्या पायसाठी मिसेस ॲक्रॉइडला पहिलं बक्षीस. संध्याकाळी ती सहा अंडी घेऊन दारात. म्हणाली, "एनिडच्या केकला घे गं." मी म्हटलं, आमच्याकडे कोंबड्या आहेत. तिने कोंबड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अंडी परत नेली.

१८ एप्रिल, रविवार
स्पर्धेनंतर एनिडने दिलेली साखरही मुरब्ब्यातच गेली. परीक्षक चुकल्या हे सिद्ध करायचं होतं. अजून झालेलं नाही.

आज एनिडने बरणी मागितली. मी आनंदाच्या धक्क्याबद्दल बोलू लागले. तिने स्वतःच फडताळातून काढली, उलटी केली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"साखरेचं काही नाही गं, आई. पण बरणी रिकामी आहे हे माहीत असून तू रोज सकाळी मला बिनसाखरेचा चहा ओतत होतीस. एकदाही हात थांबला नाही?"

युद्धामुळे पोरी हळव्या झाल्या आहेत.

२६ एप्रिल, सोमवार
लग्न झालं. केक पुठ्ठ्याचा. आतला मिसेस ॲक्रॉइडने केलेला. तिची सहा अंडी, गल्लीतल्या प्रत्येक घरातून चमचाभर साखर. चहापाणीही तिच्याकडेच, तिची खोली मोठी आहे म्हणे. दोन्ही घरं एकाच मापाची आहेत.
विल्फने तीनदा केक घेतला. मी म्हटलं, घरून खाऊन आलेय. कोणी आग्रह केला नाही.

२ मे, रविवार
जावई लेस्ली गुरुवारी पुन्हा जहाजावर गेला. एनिडने मिसेस ॲक्रॉइडची मागची खोली भाड्याने घेतली. म्हणते, ती काम करते तो पॅराशूटचा कारखाना तिथून जवळ पडतो. एका भिंतीने किती जवळ पडणार? काल रेशनबुक न्यायला आली होती. दारातच उभी राहिली. आमची तिन्ही पुस्तकं एका दोऱ्यात बांधलेली असत. तिचं सोडवून दिलं. गाठ मीच घट्ट मारली होती.

विल्फ मीटिंगला गेलाय, रविवार असून.

आज सकाळी खुराड्यात एक अंडं होतं. कोमट. किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे. आता गार झालंय. पलीकडे एनिडच्या हसण्याचा आवाज येतोय. भिंतीशी जाऊन विचारणार आहे. ती "बघू" म्हणेल. ती लहान असताना मीच तिला असं म्हणायचे, आणि त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही माहीत आहे. तरी विचारणार. काय म्हणायचं ते आधी इथे लिहून ठेवते, म्हणजे तिथे भलतंच बोलणार नाही.

एनिड, जेवायला येशील का? एक अंडं आहे. नुसतं उकडेन. दुसरं काही करणार नाही. आणि चहात माझ्या वाट्याची साखर घाल, तुझ्या हाताने.