एकेचाळीस चाव्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, औषधांच्या कारखान्यातली निवृत्त पॅकिंग कामगार, चारचौघांत 'चावीवाली' म्हणून ओळखली जाणारी, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझे यजमान म्हणाले, "डॉक्टर तुला ओळखत नाहीत." त्यांचे मत नोंदवले आहे. कायद्याला त्याची गरज नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची मोरी असे हे राहते घर माझ्या पगारातून घेतलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या मुलाला व मुलीला निम्मे निम्मे मिळावे. यजमानांना हयातभर इथे राहण्याचा हक्क राहील. मुलगा दरवर्षी महिला दिनाला ऑफिसात भाषण करतो. यंदाचा विषय 'समान वाटा' होता, टाळ्या भरपूर पडल्या. घरी येऊन चहा पिता पिता मला म्हणाला, "आई, ताईला तिकडे घर आहे की. तिचं नाव कशाला घालतेस मध्ये?" भाषणाची प्रत मी मागून घेतली आहे. ती या कागदाला जोडावी.

कलम २. पितळी चावी. पॅकिंगच्या हॉलमध्ये आम्ही एकेचाळीस बायका होतो. संडास एक, त्याला कुलूप, आणि चावी सुपरवायझरच्या टेबलावर. मागायला गेले की तो रजिस्टरात नाव, गेल्याची वेळ आणि आल्याची वेळ लिहायचा. दिवसातून दोनदा परवानगी. तिसऱ्यांदा गेले की सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे विचारायचा, "आता परत काय?" पुरुषांच्या संडासाला कुलूप नव्हते. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "ते आत जाऊन गप्पा छाटत नाहीत." आम्ही सकाळपासून पाणी पिणेच सोडले होते. एक दिवस त्याने चावी नाकारली आणि आमच्या रांगेत स्टुलाखाली ओले झाले.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर चावी मागून घेतली, आत जाऊन साबणाच्या वडीवर तिचा ठसा उठवला आणि चावी परत केली. रजिस्टरात माझी चार मिनिटे लिहिलेली आहेत. चाव्या करणाऱ्याने विचारले, "एकेचाळीस? बाई, एवढं काय आहे त्या खोलीत?" मी म्हटले, "सांगितलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही."

सोमवारी एकेचाळीस गळ्यांत एकेचाळीस चाव्या होत्या. दुपारपर्यंत मला कामावरून काढले. बाकीच्या चाळीसजणी माझ्या मागोमाग फाटकाबाहेर येऊन बसल्या. अकराव्या दिवशी मालकांनी कुलूप काढले आणि मला परत घेतले. त्याच दिवशी आमच्या सगळ्या चाव्या निकामी झाल्या. वस्तू फुकट गेल्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. माझी चावी मुलीला द्यावी.

कलम ३. यजमान. यांना कुकर, तवा आणि एक वही देते. कोणत्या डब्यात काय आहे आणि कुकरच्या किती शिट्ट्या घ्यायच्या, ते वहीत लिहिले आहे. हे कलम लिहीत असताना त्यांनी आतून तीनदा "माझा चष्मा कुठाय?" असे विचारले. चष्मा कपाळावर होता. संपाच्या पहिल्या दिवशी ते मला म्हणाले होते, "लोकांना काय सांगू? बायको संडासासाठी संपावर बसलीय?" मी म्हटले, "तेच सांगा." पण नंतरचे दहा दिवस रोज दुपारी ते फाटकाशी माझा डबा घेऊन येत होते. डबा शेजारणीने भरलेला असायचा. तरी आणत होते, आणि लोकांदेखत आणत होते. हे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे.

कलम ४. संघटनेचे अध्यक्ष. संपानंतर परदेशात कामगार स्त्रियांच्या हक्कांवर परिषद भरली. आमंत्रण माझ्या नावाने आले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्हाला तिथली भाषा कळायची नाही, आणि इकडे घर कोण बघणार? मीच तुमचं दुःख मांडून येतो." त्यांनी एकोणीस देशांतल्या बायकांसमोर माझे दुःख वीस मिनिटे मांडले. येताना माझ्यासाठी कापडी पिशवी आणली. तिच्यावर छापले आहे: 'स्त्रीचा आवाज स्त्रीनेच उठवावा'. पिशवी कोरी आहे, ती त्यांना परत करावी.

त्या परिषदेतून मला एक पत्र मात्र आले. लिहिणारी दुसऱ्या देशात मासळीचे डबे भरण्याच्या कारखान्यात होती. "तुमच्या अध्यक्षांना विचारलं, चावी मागताना कसं वाटायचं? ते पाणी प्यायले. तुम्हीच सांगा." भाषांतर करवून मी तिला सगळे कळवले. वर्षभराने तिने लिहिले, "आमच्याकडे कुलूप नव्हतं, कारण दारच नव्हतं. आता दार बसलं." पुढे अशी बरीच पत्रे आली, कुठून कुठून. तो गठ्ठाही मुलीचा.

कलम ५. लाजरी. आता जे कुठेच सांगितले नाही ते. प्रत्येक पत्रात आणि प्रत्येक सभेत मी म्हणत आले, "माझ्या एका गरोदर मैत्रिणीला चावी नाकारली..." ती मैत्रीण लाजरी, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. चावी नाकारली त्या दिवशी पाणी दोन स्टुलांच्या मध्ये होते. सुपरवायझर येऊन ओरडला, "हे कोणाचं?" मी मान खाली घातली. लाजरी उभी राहिली आणि म्हणाली, "माझं. सातवा महिना आहे." फरशीही तिनेच पुसली. घरी गेल्यावर सासूची बोलणी तिने खाल्ली.

ते माझे होते. नंतर तीस वर्षे व्यासपीठावरून "बायांनो, लाज कसली?" असे ओरडणारी बाई मीच. या मृत्युपत्रातली ही एकच गोष्ट मी कोणाला देत नाही, परत घेते आहे. लाजरीला मालमत्तेतले काही ठेवलेले नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकीलबाई म्हणाल्या. लाजरी म्हणाली, "वस्तू नको, सही करू दे."

सहीच्या वेळची नोंद. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. लाजरीने तरी चष्मा लावून सगळे वाचले. पाचव्या कलमावर तिने बोट ठेवले.

"हे खोड," ती म्हणाली.

"का?"

"पोरं वाचतील."

"वाचू देत."

तिने पेन उचलले, परत ठेवले. "मग नीट तरी लिही. सातवा नव्हता. पाचवा होता. पाचवा म्हटलं असतं तर त्याने सोडलं नसतं मला."

कलम ५ मध्ये 'सातवा' हा शब्द तिच्या तोंडचा म्हणून तसाच ठेवला आहे. खरा महिना पाचवा, असे समजावे. दुरुस्ती वाचून पाहिली, मान्य आहे. दोघींच्या सह्या.

मृत्युपत्र करणारी: (सही) चावीवाली
साक्षीदार पहिली: (सही) लाजरी, निवृत्त पॅकिंग कामगार
साक्षीदार दुसरी: (सही) वकीलबाई
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा, मंगळवार, सकाळी अकरा