दीपस्तंभांची गर्दी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या निरोप समारंभाचं भाषण मी लिहिणार नाही. वीस वर्षं लोकांना भाषणं लिहून दिली. आता चहा गाळून होईपर्यंत ते एआयचं यंत्र दहा लिहितं. सहा महिन्यांत माझ्याकडे चिटपाखरू फिरकलेलं नाही. ताई, मी कुणाला नकोच आहे असं वाटतं. तूही यंत्राकडूनच घे लिहून. नाहीतरी खरं कोण सांगणार, की अख्ख्या वॉर्डला दटावणारी ही परिचारिका स्वतः इंजेक्शन घेताना धाकट्या भावाचा हात धरून भोकाड पसरते?

रागाव, पण लोभ सोडू नकोस.
तुझा ठोंब्या

११ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, काय घोळ झाला म्हणून सांगू! मोठे डॉक्टर मला ‘दीपस्तंभ’ म्हणाले. मेट्रनबाईही दीपस्तंभ म्हणाल्या. औषधांच्या खिडकीवरचे काका तिसऱ्यांदा तेच म्हणाले आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. सगळ्यांनी एकाच यंत्राकडून लिहून घेतलेलं! मीसुद्धा!

घाईघाईत पर्समधून कागद काढला, वाचायला लागले, तर ते निघालं तुझं पत्र. थांबले, तर लोक थांबू देईनात. भोकाडापाशी पोचले तेव्हा हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी. पण त्याआधी ‘कुणाला नकोच आहे’ वाचताना मला चष्मा काढून पुसावा लागला रे.

मोठ्या डॉक्टरांच्या आईंचा ऐंशीवा वाढदिवस आहे. त्यांना अस्संच पत्र हवंय. तुला न विचारताच मी हो म्हणून बसलेय. मुकाट्याने जा.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो बाई! अनोळखी माणसाची थट्टा काय कपाळ लिहिणार? म्हणून आधी गप्पा मारायला बसलो. आजींनी मला ढीगभर वाटाणे सोलायला लावले आणि पत्त्यांत चारदा हरवलं. चौथ्यांदा लबाडी पकडली, तर म्हणतात, या वयात नजर चुकते. नजर चुकून एक्के मांडीखाली जातात होय गं?

सगळं लिहिलं. वाढदिवसाला वाचलं, तर इतक्या हसल्या की कवळी काढून हातात धरावी लागली. मग म्हणाल्या, कागद मुलाला दे सांभाळायला, तू मात्र दर गुरुवारी ये. आणि येताना पत्त्यांचा नवा कॅट आण, याच्या खुणा तुला कळल्यात.

ताई, मला परत बोलावलंय गं! आता दर गुरुवारी फोन करू नकोस, मी कामात असेन.

बाकीचे सहा दिवस लोभ असू दे.
तुझाच,
ठोंब्या