वाळूच्या दांड्यावरील माझ्या जागेबाबत

मी, ओराझबाय सेयितउली, वय सत्तावन्न, राहणार आककेमे (पूर्वी बंदर, हल्ली नुसतेच गाव), व्यवसाय तालुक्याच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. माझे मन ठीक आहे. फुप्फुसांविषयी डॉक्टरांचे मत वेगळे आहे. ते वसंतापर्यंतची मुदत देतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी माझा मरण्याचा विचार नव्हता.

एक. राहते घर, अंगण आणि अंगणातली उंटीण मी भाची गुलझिरा हिला देतो. अट एकच. दर नोव्हेंबरात लावणीच्या दिवशी या घरातला एक माणूस फावडे घेऊन आटलेल्या समुद्राच्या तळावर गेला पाहिजे. दर घरामागे एक माणूस, ही आमची रीत पूर्वी जाळे ओढायला होती. समुद्र निघून गेला, रीत राहिली, आणि गेली अकरा वर्षे ती साक्सौल लावायला वापरतो. पाने नावापुरती, मुळे मात्र विहिरीला लाजवतील अशी. मिठाची धूळ जागच्या जागी धरून ठेवणारे झाड आमच्याकडे हे एकच. कारणे सांगून सुटका होणार नाही. मी दोनदा सांगून पाहिली. दोन्ही वेळा शेजारच्या बीबीजमाल आपाने भर रस्त्यात माझी नाडी पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "जिवंत आहे. घ्या याला."

दोन. माझी पुस्तके शाळेला. त्यांत ताशकंदला विद्यार्थी असताना घेतलेले संस्कृत व्याकरण आहे. 'समुद्र' हा शब्द मी तिथे तिन्ही वचनांत चालवायला शिकलो. परत आल्यावर काही वर्षांनी आमचा समुद्र दोन तुकड्यांत फुटून द्विवचनात गेला. पुढे आमच्या बाजूला एकवचनही उरले नाही. मुलांना हवे तर शिकवावे. पोट भरत नाही, पण उंटांना शिव्या देताना भारदस्त वाटते.

तीन. तालुका कचेरीने मला दिलेले सन्मानपत्र, काचेसह, कचेरीला परत करावे. ते का मिळाले, हे एकदा लिहून टाकतो.

पहिल्या वर्षी रोपे कुठे लावायची यावर बैठक झाली. आमचे म्हातारे सगळे कोळी. पाणी जाऊन वीस वर्षे झाली, तरी ते तळावरून चालताना "इथे नऊ हात, इथे बारा हात" असेच बोलतात आणि खोल जागी आपोआप आवाज खाली आणतात. त्यांनी एकमुखाने सोनेरी डोह निवडला. सगळ्यात जास्त मासा तिथे लागायचा, म्हणून सगळ्यात जास्त बरकतही तिथेच. अख्ख्या गावाने सहा दिवस खपून तिथे रोपे लावली. एप्रिलमध्ये मी मोटारीतूनच पाहिले. डोहभर पांढरा फुलोरा होता. मी बातमी पाठवली: 'समुद्राचा तळ फुलला.' सन्मानपत्र आले. मग मी चालत जवळ गेलो. ती फुले नव्हती. समुद्राचे उरलेसुरले मीठ त्या सर्वांत खोल जागी साचले होते. ते रोपांच्या अंगावर चढून सुकले होते. प्रत्येक रोप उभ्याउभ्या मेलेले, पांढरे, ताठ. वारा नव्हता, तरी बारीक किणकिण ऐकू येत होती. मी परत फिरलो तो मागे न पाहता.

चार. माझी दुर्बीण बीबीजमाल आपाला, कारण मी जे दुर्बिणीतून पाहिले नाही ते तिला चुलीपाशी बसून दिसले. दुसऱ्या वर्षी ती बैठकीत म्हणाली, "तुम्हा पुरुषांना मासा आठवतो. बोट कुठे अडकायची ते आठवा."

वाळूच्या दांड्यावर. तिथे आमची प्रत्येक बोट कधी ना कधी रुतली होती. तिथे खालून कोणीतरी धरते, असे म्हातारे म्हणत आणि तिथून जाताना पाण्यात भाकरीचा तुकडा टाकत.

"धरतंय ना? मग रोपालाही धरेल," आपा म्हणाली.

धरले. आता दांड्यावर साक्सौल माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. खालच्या गल्लीत पूर्वी भर दुपारी दिवे लावावे लागत, इतकी पांढरी धूळ येई. आता लावावे लागत नाहीत. गुलझिरा काम करते त्या दवाखान्यात खोकणारी मुले कमी झाली, हे ती सांगते आणि ती माझ्यासारखी मोटारीतून पाहून सांगत नाही. हे कोणत्याही योजनेने केले नाही. हे दर घरच्या एका माणसाने केले.

पाच. माझी लोखंडी शेगडी आणि कोठारातला सगळा कोळसा बीबीजमाल आपाचा मुलगा एसेन याला देतो. प्रेमाने नव्हे. गेल्या हिवाळ्यात त्याने ट्रॅक्टर नेऊन दांड्यावरच्या दोन ओळी तोडल्या आणि सरपण म्हणून गावात विकल्या.

मी त्याला अडवले. तो म्हणाला, "आगा, थंडीत लोक काय तुमचं वर्तमानपत्र जाळणार?"

"ते जाळतातच. झाडं सोड."

"मग तुमच्या चुलीत काय जळतंय, ते बघून या."

मी घरी जाऊन पाहिले. साक्सौल होते. गुलझिराने त्याच्याचकडून घेतले होते. म्हणून त्याच्याविषयीचा माझा राग मी अर्धा माझ्या नावे ठेवतो. या हिवाळ्यात तो उरलेल्या ओळींवर जाणार, हे त्याने लपवलेले नाही. वनरक्षक वर्षातून दोनदा येतो, तेही जेवणाच्या वेळी.

सहा. माझे शरीर. मला पूर्वजांच्या दफनभूमीत पुरू नये. वाळूच्या दांड्यावर, साक्सौलच्या ओळींमध्ये पुरावे. दफनभूमीतली काडीसुद्धा आमच्याकडे कोणी उचलत नाही. एसेनही नाही, त्याची छाती तेवढी नाही. मी जन्मभर लेख लिहून जे झाड वाचवू शकलो नाही, ते आडवा पडून वाचवीन.

ताजेन मुल्ला म्हणाले, "ओराझबाय, एकट्याची कबर करत नाहीत. मेलेल्याला शेजार लागतो. तिथे तुझं कोण आहे?"

मी म्हणालो, "जागा तरी बघू."

ऑक्टोबरात, टळटळीत दुपारी, मुल्ला, मी आणि खणायला दोघे, असे आम्ही चौघे गेलो. दांड्यावर पक्षी नसतो. पायांखाली शिंपले फुटतात, तेवढाच आवाज. छातीइतके खणल्यावर फावडे विटेला लागले. विटेखाली माणूस होता. समुद्र येण्याच्याही आधीचा. गेला तो समुद्र त्याच्या अंगावर आला होता. तोंड काब्याकडे, हात नीट ठेवलेले. त्याच्या शेजारी दुसरा. त्यापुढे तिसऱ्याचा खांदा दिसला, तेव्हा मुल्लांनी फावडे काढून घेतले. ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि दार उघडणाऱ्याला करावा तसा सलाम केला. आम्ही खड्डा जसाच्या तसा बुजवला. गाव दिसू लागल्यावर मुल्ला म्हणाले, "शेजाराचा प्रश्न मिटला. तू गर्दीत चाललायस."

हे आपाला कळले. संध्याकाळी ती काठी टेकत आली आणि दारातूनच म्हणाली, "तुझ्या उजव्या हाताची जागा माझी. लिही."

"आपा, तुला कशाला घाई?"

"मी तिथे झोपले की बघते, माझा पोरगा कुऱ्हाड कशी उचलतो!"

त्याप्रमाणे लिहिले आहे.

सात. माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला साक्सौल जाळू नये. मांस थोडे कच्चे राहिले तरी पाहुणे तक्रार करणार नाहीत. तक्रार करणाऱ्याला मी ओळखतो, तो जाताना तीनदा वाढून घेईल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र लिहून, वाचून, मला मान्य आहे.

साक्षीदारांत बदल. पहिल्या साक्षीदार बीबीजमाल आपा होत्या. मागच्या मंगळवारी त्या गेल्या, माझ्याआधी; रांगेत पुढे घुसायची त्यांची सवय जुनी होती. त्यांना दांड्यावर ठेवले. खड्डा एसेनने एकट्याने खणला. कोणाला फावडे लावू दिले नाही. तेव्हापासून त्याचा ट्रॅक्टर स्टेशनवरून कोळसा आणतो. आईच्या जागी सही करायला तो आज आला, तेव्हा मी त्याला विचारले, खणताना खाली कोणी लागले का.

त्याने आधी सही केली. मग म्हणाला, "होते, आगा. सकाळी अर्धा खणून मी पाणी प्यायला वर आलो. परत उतरलो तेव्हा ते सरकले होते. जागा करून दिली त्यांनी. दोघांपुरती."

लिहून देणार: ओराझबाय सेयितउली (सही)
साक्षीदार: १. एसेन, बीबीजमाल यांचा मुलगा (सही)
२. ताजेन मुल्ला (सही)
स्थळ: आककेमे
दिनांक: १४ नोव्हेंबर २००९, लावणीचा दिवस