पान एकवरचा बिबट्या

८ जानेवारी, सोमवार

गुरुवारी आमच्या ‘घाटवारा’ साप्ताहिकाला पन्नास वर्षं! इतिहास लिहायला बसले. कसला डोंबलाचा इतिहास! अर्धा वाढदिवसाच्या शुभेच्छा, उरलेला भावपूर्ण श्रद्धांजली. एकाचे तर दोन्ही एकाच अंकात. पहिल्या अंकाचा मथळा — ‘बाजारपेठेत नळ आला’. नळ आला तेव्हा मी कॉलेजात होते. आप्पा म्हणायचे, “बातमी जरा लवकर दिली, एवढंच.” माझे वडील! जुन्नरात छपाईचं मशीन आणून हे खूळ त्यांनीच सुरू केलं, आणि जाताना माझ्या गळ्यात मारलं.

हा अंक शेवटचा. ठरलं. वाचतंय कोण? ऋतिक म्हणतो, “मम्मी, लोकं भेळ बांधतात त्यात.” पोटचा पोरगा!

१० जानेवारी

डिंगोरे गावात परत बिबट्या. बिबट्या म्हणजे पान एक, आणि फोटो तोच — मी अंक बघायला लागले तेव्हापासून तोच! डोळे वटारलेला. पानं लावणारा ऋतिक म्हणतो, याला आता पेन्शन द्या.

या वेळी पान एकवर आप्पा, फेटा बांधून. बिबट्याच्या चार ओळी पान तीनवर, फोटो नाही. शेवटच्या पानावर वाचकांना निरोपाची चौकट. लिहिताना रडले. इथं लिहायला काय लाज!

११ जानेवारी, गुरुवार

अंक निघाला. डिंगोऱ्याची प्रत एसटीनं गेली. तिथं संपतच्या चहाच्या टपरीवर भिंतीला चिकटवतात — आप्पांपासूनची पद्धत. विकत कोण घेतंय!

दिवसभरात एक फोन. बँकेचा. लोन पाहिजे का म्हणे.

१३ जानेवारी

संपतचा फोन. “ताई, अंकात लई घोळ झालाय राव.” निरोप वाचला याने! “निरोपाचं वाचलंस ना?” मी विचारलं. “कसला निरोप? थांबा, सखूबाईला देतो.”

सखूबाई त्याच्या टपरीमागं राहते. शेळ्या पाळते.

“ताई, मला वाचाया येत न्हाई. भिताडावं तुमचा बिबट्या चिकटला, की मी शेरडं घरात घेती. ह्या बारीला फेट्यावाला बाबा व्हता. मला वाटलं, कुणी म्हातारा वारला. शेरडं भायेरच ठिवली.”

“मग?”

“मग काय? थोरली गाभण शेळी नेली.”

आप्पांना घालायच्या त्या शिव्या स्वतःला घातल्या. तीच म्हणाली, “आता पुढच्या येळंला नीट छापा, बया.”

पुढच्या येळंला!

१८ जानेवारी, गुरुवार

अंक निघाला. पान एकवर बिबट्या, अर्धं पान भरून. ऋतिकनेच लावला, गुपचूप. आप्पा पान तीनवर.

निरोपाची चौकट कुणीच वाचली नव्हती. देव पावला!