तुरुंगात जायची पात्रता

२ नोव्हेंबर, रविवार
पाळकबाई डिसेंबरात आखात सोडून कायमच्या नगरला चालल्या. उपासनेनंतर हॉलमधल्या खुर्च्या रचता रचता म्हणाल्या, "मंदा, जेलमधल्या बायकांकडे आता तू जात जा." वर्षभर त्यांच्याबरोबर जातेय, पण सोबत म्हणून. एकटीनं जायचं तर चॅप्लिन, म्हणजे जेलची धर्मसेविका, म्हणून रीतसर नाव लागायला हवं. थिऑलॉजीची पदवी, समुपदेशनाचं ट्रेनिंग, मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, शिफारस, मुलाखत. माझ्याकडे काय? नर्सिंग. आणि घरबसल्या चालवलेला बायबल कोर्स, तोही अर्धा.
घरी नवऱ्याला, विजयला सांगितलं. रिया म्हणाली, "ममा, यू आर नॉट ईव्हन अ रिअल पास्टर." खरंच आहे. तरी लागलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
जेल. पाळकबाई दुसऱ्या टेबलाशी होत्या, म्हणून शुभांगीजवळ मी एकटी. शुभांगी गुहागरकडची, हिंदू. धर्माचं काही बोलायचं नाही हा नियम, आम्ही पाळतो. ती येते ते मराठी बोलायला मिळतं म्हणून. इथे एका घरात बाळ सांभाळायला होती. बाळ टबात बुडून गेलं. निष्काळजीपणाची शिक्षा झालीय, अपील चालू आहे.
आज एका दमात बोलून गेली. कोर्टात सांगितलं की टॉवेल आणायला गेले होते. तसं नव्हतं. गॅलरीत उभी राहून गावी मुलीशी बोलत होती. सानिकाशी, बारा वर्षांची आहे. "खो-खोची मॅच जिंकली ते सांगत होती, ताई. मी ठेवते म्हटलं, तर म्हणाली, अजून जरा बोल ना आई." मग म्हणाली, "वकिलालाही माहीत नाही. कुणाला बोलू नका."
मी हो म्हटलं. असं पटकन म्हणायचं असतं का?
घरी येऊन भात करपवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
शुभांगीच्या आईचा फोन. खुशाली कळवायला माझा नंबर शु.नेच दिलेला. "सानिका शाळेत जायना. दोन घास खाते नि उठते. बोलणं तर बंदच. आईची आठवण येत असेल काय हो?"
म्हटलं, असेल.
काय कारण आहे ते मला माहीत आहे, आणि मी म्हटलं, असेल. पोरीला वाटतंय तिच्यामुळे झालं.
नंतर क्लिनिकमध्ये अल क्वोज भागातल्या वर्कशॉपमधला एक जण आला, बोट फाटलेलं. टाक्यांचं सामान काढताना ट्रे सांडला. तोच मला म्हणाला, "सिस्टर, आराम से."
रात्री विजयला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. "कोर्टाच्या भानगडीत पडू नकोस. आपला व्हिसा..."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पाळकबाईंना विचारलं, नाव न घेता. त्यांनी ओळखलं असणार, दाखवलं नाही. म्हणाल्या, "ते गुपित तुझं नाहीच. तुला उघडता यायचं नाही. पण जिचं आहे तिलाच जाऊन विचार की. त्याला कोणी अडवलंय?"
"हे कोर्समध्ये शिकवतात?"
"शिकवतात. माणूस समोर बसलं की विसरायला होतं."

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मुलाखत. मंडळीचे तीन पंच, मधे कांबळेसाहेब. "कैदी बाईनं तुमच्याजवळ गुन्हा कबूल केला तर काय कराल?"
"ऐकून घेईन."
"आणि?"
"आणि मला झोप लागणार नाही."
एक जण हसला. कांबळे नाही. "मंदाबाई, कळवळा पुष्कळांना असतो. उद्या तुम्ही चुकलात तर त्या बायकांकडे जायचं दार आपल्या सगळ्यांनाच बंद होईल. म्हणून शिकून यायचं." मग नीट समजावलं. कुणाच्या जिवाला धोका असेल तर सांगायचं. नसेल तर तोंड बंद.
दरवेळी त्यांचा राग येतो. आज नाही आला.
पोर जेवत नाही, हा धोका धरायचा का? विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, भ्याले.
निर्णय नंतर कळवणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
शु.ला सानिकाचं सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं, घरच्यांनी लपवलं होतं. म्हटलं, मी बोलू का तिच्याशी? उठून उभीच राहिली. "तुम्हाला सांगितलं हेच चुकलं माझं!" गार्ड बघायला लागली. मग बसली. बराच वेळ ओढणीचं टोक पिळत होती.
"बोला तिच्याशी. तिला सांगा, तू फोन ठेवलास, त्याच्यानंतर झालं. फोन चालू असताना काही झालं नाही. तुमचं ऐकेल ती. तुम्ही देवाचं माणूस."
मी काही म्हणायच्या आत गार्ड आली. "खलास, यल्ला." वेळ संपली, चला.
गाडीत पाळकबाईंना रेडिओ लावायला सांगितला.

२३ नोव्हेंबर, रविवार
उपासनेत लक्ष नाही. खोटं पोचवायचं? इंजेक्शन देताना रोज म्हणते, काही दुखणार नाही. तेही खोटंच. पण ते दोन मिनिटांत संपतं. हे पोरीला जन्मभर पुरावं लागेल.
पण त्यानं ती जेवली तर?

२५ नोव्हेंबर, मंगळवार
क्लिनिकच्या मागच्या जिन्यात उभं राहून फोन केला. आजीनं सानिकाला दिला. नुसता श्वास ऐकू येत होता. म्हटलं, मी मंदामावशी, तुझ्या आईला भेटते. आईनं सांगितलंय, तू फोन ठेवलास, आणि मग...
हो, सुरुवात केली मी. लिहून ठेवते.
तिनं मधेच तोडलं. "मी नव्हता ठेवला. आई ओरडली ते ऐकलं मी."
जिन्यात वरून कोणीतरी उतरत होतं. भिंतीला चिकटून उभी राहिले.
"हो बाळा. माहीत आहे मला," म्हटलं. "पण त्या बाळाकडे बघणं तुझं काम नव्हतं. तू आईशी बोलत होतीस. आईशी बोलायचं नाही तर कुणाशी?"
मग ती रडायला लागली. कितीतरी वेळ. मी फोन धरून उभी. आजी आली, "काय सांगितलंत हो तिला? एवढे दिवस डोळ्यातून टिपूस नव्हता." मागून सानिकाचा आवाज, आजी, ठेवू नको फोन.
शु.चा निरोप मी पोचवला नाही. गुपित फोडलं म्हणायचं की नाही, कळत नाही. कांबळेंचा मेसेज आलाय, रविवारी उपासनेनंतर थांबा, बोलायचंय. त्याआधी शुक्रवारी पाळकबाईंबरोबरची जेलमधली शेवटची भेट. शु. बसायच्या आधीच विचारेल, सांगितलंत ना तिला, मी सांगितलं तसं?