अर्जावरचा नंबर

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

बहिणीनं फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "आमू, तू काळजी करू नगं, मी बघतो," म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाचं बोलणं असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. स्वरूपावहिनी आज गुडघा दाखवायला बारामतीला आमच्या दवाखान्यात येणार आहेत, त्यांच्याच पिशवीत हे पत्र घालून देते.

आधी बातमी. मेघनाला पुण्याच्या विद्यापीठात भूशास्त्राच्या पदवीला जागा मिळाली. तुला हे आमच्याआधी कळलं होतं, हेही मला ठाऊक आहे. तसा मेसेज तुझ्याच मोबाईलवर आला होता. तू तो वाचलास आणि गप्प बसलास.

अर्जावर तुझा नंबर गेला तो माझ्यामुळे. मी केसपेपरच्या खिडकीत बसते. दिवसभर येणाऱ्या बायांना मोबाईल नंबर विचारते. नंबर विचारला की बाई मागं वळून पाहते. मागं नवरा असतो, नाहीतर मुलगा, नाहीतर दीर. तो सांगतो, मी लिहिते. कित्येक जणींच्या हातात स्वतःचा फोन असतो, तरीही. मला मनातल्या मनात हसू यायचं. आणि मेघनाचा अर्ज भरताना नेटकॅफेतल्या मुलीनं नंबर विचारला, तेव्हा मी एका दमात तुझा सांगून मोकळी झाले. मेघनाचे बाबा गेल्यापासून रेशन, बँक, गॅस, पोरीची शिष्यवृत्ती, सगळीकडे तुझाच नंबर आहे. जातीच्या दाखल्यापासून पडताळणीपर्यंत सगळीकडे तूच धावलास, ते मी विसरलेले नाही. माझा स्वतःचा नंबर मला आठवून सांगावा लागतो. तुझा झोपेत विचारला तरी येतो.

आपल्या निरवांगीच्या विहारात बारावी पास झालेल्या मुलांचा सत्कार झाला, तेव्हा तू माईक हातात घेतलास. "माझी भाची बारामतीतच फार्मसी करणार, आईच्या नजरंसमोर ऱ्हाणार, आन् मग इंदापूरला स्वतःचं मेडिकल टाकणार." टाळ्या पडल्या. मेघना माझ्या शेजारी बसली होती. तिला ना तू विचारलं होतंस, ना मी. घरी जेवायला बसल्यावर तिनं तुला भूशास्त्राचं सांगितलं, तर तू हसलास. "दगडंच बघायची तर त्याला डिग्री कशाला? आपला आजा गंगाराम बहात्तरच्या दुष्काळात खडीच फोडत हुता की." सगळं घर हसलं. पोरगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "मामा, त्यांनी फोडली, पण ती खडी मुळात झाली कशी, ते त्यांना कुणी सांगितलं न्हाय. मला ते शिकायचं हाय." तू ताटावरून उठलास. हात धुताना मला म्हणालास, "पोरगी लई बोलाय लागलीया, आमू." मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला आणि मी तुला तसं म्हटलं नाही. आता म्हणते.

आणि हा नाद तिला लावला कुणी? नरसिंहपूरला संगमावर तिला मोटारसायकलवर बसवून तूच न्यायचास. ती गोटे गोळा करायची, तू डिकीत भरून आणायचास. वहिनी ओरडायच्या, "भाजी आणा म्हणलं तर पिशवीला जागा न्हाय, आन् धोंडं बरी मावत्यात." या गोट्यात रेघ का, तो तांबडा का, असं ती विचारायची आणि तू म्हणायचास, "शिक, मोठी हो, मग मलाबी सांग." आता ती तेच करायला निघाली, तर तुला चालेना.

जागा मिळाल्याचं मेघनानं शेवटी स्वतः विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहिलं. शुक्रवारपर्यंत ती स्वीकारायची होती, नाहीतर यादीतल्या पुढच्याला जाणार होती. स्वीकारायचं बटण दाबलं की ओटीपी तुझ्या फोनवर. तुला फोन केला. "तास चालू हाय." शाळा सुटल्यावर केला. "आला न्हाय." संध्याकाळी केला, तर मलाच समजावून सांगितलंस, "आमू, ओटीपी कुणालाबी सांगायचा नसतो. बँकवाले रोज मेसेज करत्यात. फसवणूक लई वाढलीया." दादा, मी तुझी सख्खी बहीण. फोन ठेवल्यावर मला आधी हसू आलं. मग ते गेलं.

पोरींनी शिकू नये असं तू कधीच म्हणाला नाहीस, ते मान्य. आपल्या घरात तसं कुणी म्हणणारच नाही. माझ्या वेळीही तू नाही म्हणाला नव्हतास. पोरीनं रांगेत कशाला ताटकळायचं, म्हणून माझा अर्ज भरायला बारामतीला एकटाच गेलास. आलास तो माझा प्रवेश बीएला घेऊन, गृहअर्थशास्त्र विषय लावून. सायन्सची प्रॅक्टिकलं उशिरा सुटतात, मग निरवांगीची एसटी चुकते, असं सांगितलंस. ते खरंही होतं. येताना पेढे आणले होतेस, पहिला माझ्या तोंडात घातलास. मला काय हवं होतं ते तुला आजपर्यंत माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि माझ्या तोंडात पेढा होता. मला गणित हवं होतं, दादा.

म्हणून गुरुवारी मी रजा टाकली आणि पहिल्या गाडीनं आम्ही दोघी पुण्याला गेलो. प्रवेश विभागातल्या बाईंनी विचारलं, अर्जावरचा नंबर कुणाचा? माझ्या भावाचा. मग त्यांना ओटीपी विचारा की. मी म्हटलं, "ते द्यायचे नाहीत." परक्या बाईसमोर तुझ्याबद्दल असं बोलणं नको वाटत होतं, पण बोलले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मेघनाकडे पाहिलं. लेखी अर्ज घेतला, आधार तपासलं, जुना नंबर काढला. नवा कुणाचा घालू, म्हणाल्या. मी माझा सांगायला तोंड उघडलं, तोवर मेघना म्हणाली, "आई, माझा घालू दे." मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. इतक्या लांब मी आले होते, रजा मी टाकली होती. पण बोलले असते, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय उरला असता? ओटीपी तिच्या फोनवर आला, तिनंच घातला. जागा पक्की झाली. मला या गोष्टीचा जराही पश्चात्ताप नाही, आणि तुझी समजूत काढायला मी येणार नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. रविवारी मेघना वसतिगृहात राहायला जाते. तिथल्या अर्जावर पालक म्हणून माझं नाव आहे, माझी सही आहे. त्याखाली अडीअडचणीसाठी आणखी एका माणसाचा नंबर मागितला होता. मेघनानं तिथं तुझा लिहिला. मी खोड म्हटलं, तर ऐकेना. "असू दे आई, मामाच लागंल की," म्हणाली. या नंबरवर तुला कुणी काही विचारणार नाही, तुझी परवानगी मागणार नाही. पोरगी तापानं फणफणली आणि मी फोनवर सापडले नाही, तर तुला फोन येईल, आणि तेव्हा असशील तिथून निघावं लागेल. एवढंच काम आहे, आणि ते तुझ्याइतकं कुणी चांगलं करणार नाही, हे मीही जाणते. कबूल असेल तर काही कळवू नकोस. नसेल तर शनिवारच्या आत सांग, वहिनींचा नंबर घालते. त्या हो म्हणाल्या आहेत.

तुझीच धाकटी,
आमू